बशीतला विषाणू, अंगातला ताप

हाताच्या पंजाएवढी पारदर्शक प्लॅस्टिकची प्लेट. तिच्यात सहा गोल खळगे आणि प्रत्येक खळग्याच्या तळाला पेशींचा एकच थर, फरशा बसवाव्यात तसा एकमेकींना चिकटलेला. फ्लूच्या कामात या पेशी बहुतेक वेळा कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या असतात. १९५८ साली एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडातून काढलेल्या पेशींचा वंश अजून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतोय आणि फ्लूच्या विषाणूला तो भलताच मानवतो.

या थरावर विषाणूचं पातळ केलेलं द्रावण ओतायचं, तासाभराने काढून टाकायचं आणि वरून आगरसारखा घट्टसर थर द्यायचा. म्हणजे नवे विषाणू वाहत लांब जात नाहीत, शेजारच्याच पेशीला गाठतात. दोन-तीन दिवस उबेत ठेवून वरचा थर काढायचा आणि क्रिस्टल व्हायोलेट नावाचा जांभळा रंग टाकायचा. जिवंत पेशी रंग धरतात. जिथे पेशी मेल्या तिथे रंग धरायला कुणी उरलेलंच नसतं, त्यामुळे जांभळ्या तळावर पांढरी भोकं दिसतात. एक भोक म्हणजे ढोबळमानाने सुरुवातीला शिरलेला एक विषाणू. प्लेट उलटी धरून, मागच्या बाजूने मार्करचा एकेक ठिपका देत ही भोकं मोजायची. ओळीने बऱ्याच प्लेटी मोजल्या की डोळे मिटले तरी ठिपकेच दिसतात.

‘अमुक संयुगामुळे फ्लूचा विषाणू नव्वद टक्क्यांनी घटला’ अशी बातमी येते, तेव्हा तिच्या मुळाशी बहुतेक वेळा ही प्लेट असते. समजा नुसत्या विषाणूच्या खळग्यात ८० भोकं पडली आणि संयुग घातलेल्या खळग्यात ८. घट नव्वद टक्के. आकडा खोटा नसतो. पण त्यावरून औषध सापडलं म्हणायचं का? तिथपर्यंत पोचायला मधे बरीच मंडळी आडवी येतात.

पहिली म्हणजे खुद्द पेशी. विषाणू स्वतःहून काही करू शकत नाही, त्याला पिल्लं घालायला जिवंत पेशी लागते. पेशीच अर्धमेली झाली तर विषाणू वाढणार कसा? त्यामुळे पेशींना विषारी असलेलं कोणतंही रसायन वरकरणी ‘विषाणूरोधक’ दिसू शकतं. म्हणून दोन आकडे शेजारी ठेवावे लागतात: किती मात्रेत विषाणूची वाढ निम्मी होते आणि किती मात्रेत निम्म्या पेशीच मरतात. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की मिळतो निवडकता निर्देशांक. पाच मायक्रोमोलरला (हे द्रावणातल्या मात्रेचं माप) विषाणू निम्मा आणि दहाला पेशी निम्म्या, म्हणजे निर्देशांक दोन. असं संयुग दुकान बंद पाडून चोरी थांबवतंय. तेच निर्देशांक काही शे किंवा हजाराच्या घरात असेल तर रेणूचा रोख खरोखर विषाणूकडे आहे असं मानायला जागा आहे. बातमीत नव्वद टक्के छापून येतात, हा निर्देशांक सहसा येत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. संयुग कधी घातलं? काही प्रयोगांत विषाणू आणि संयुग आधी एका नळीत एकत्र तासभर ठेवतात आणि मग ते मिश्रण पेशींवर ओततात. असा प्रयोग संयुगातलं जंतुनाशक ओळखायला चांगला. फ्लूच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ वेष्टन असतं, साबणाच्या पाण्यानेही ते फाटतं. पण ताप आलेल्या माणसाच्या पेशींत विषाणू आधीच घुसलेला असतो. त्यामुळे चांगले संशोधक एकच संयुग लागणीच्या आधी, लागणीच्या वेळी, दोन तासांनी, चार तासांनी, सहा तासांनी असं वेगवेगळ्या वेळी घालून पाहतात. चार तासांनी घालूनही परिणाम टिकला तर ते विषाणूचं दार अडवत नसून आतलं काहीतरी मोडतंय, हे कळतं. माझ्या मते अशा संशोधनातली सगळ्यात बोलकी आकृती हीच.

तिसरी अडचण जरा चावट आहे. काही रेणू दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात, स्वतः रंगीत असल्यामुळे मोजमापाच्या यंत्राला चकवतात किंवा द्रावणात गोळे करून बसतात. असे रेणू जवळजवळ प्रत्येक रोगाच्या प्राथमिक चाचणीत ‘गुणकारी’ ठरतात. हळदीतलं कर्क्युमिन हे याचं गाजलेलं उदाहरण. फ्लूपासून कर्करोगापर्यंत शेकडो प्रयोगांत ते बशीत चाललं. पण ते पाण्यात अस्थिर आहे, आतड्यातून रक्तात फारच थोडं पोचतं आणि चाचण्यांना फसवण्यासाठी प्रसिद्ध आहे, हे औषधी रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये एका सविस्तर आढाव्यात मांडलं. त्यात हळदीचा दोष नाही. बशीत जी मात्रा सहज टाकता येते ती रक्तात गाठता आली नाही, तर बशीतला निकाल बशीतच राहतो.

आता विषाणूकडे वळू, कारण खऱ्या औषधांनी त्याला नेमकं कुठे पकडलं ते पाहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

फ्लूच्या ए विषाणूत आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकीय मजकुराचे, आठ वेगवेगळे तुकडे असतात आणि वेष्टनावर दोन प्रकारचे खुंट. हिमॅग्लुटिनिन हा चिकटणारा खुंट, न्यूरामिनिडेज हा कापणारा. एच१एन१, एच३एन२ या नावांतले एच आणि एन हेच. श्वासमार्गातल्या पेशींवर साखरेच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाला सायलिक आम्ल. चिकटणारा खुंट ते धरतो. पेशी मग विषाणूला एका पिशवीत गुंडाळून आत ओढते आणि सवयीप्रमाणे त्या पिशवीत आम्ल वाढवते. खरं तर हा आत आलेला माल पचवायचा पेशीचा बंदोबस्त, पण विषाणू नेमकी त्याचीच वाट बघत असतो. आम्ल लागताच चिकटणारा खुंट स्प्रिंगसारखा उलगडतो आणि विषाणूचं वेष्टन पिशवीच्या भिंतीत मिसळतं. त्याच वेळी एम२ नावाच्या बारीक नळीतून आम्ल विषाणूच्या पोटात शिरतं आणि आतले आरएनएचे तुकडे सुटे होतात. ते पेशीच्या केंद्रकात जातात, नकला निघतात आणि साधारण सात-आठ तासांत नवे विषाणू पेशीच्या पृष्ठभागावर फुटू लागतात.

फ्लूवरचं पहिलं औषध, अमँटाडिन, त्या एम२ नळीत बुचासारखं बसतं. अमेरिकेत १९६६ साली त्याला मान्यता मिळाली. बी प्रकारच्या विषाणूची नळी वेगळी असल्याने त्यावर ते कधीच चाललं नाही. याच औषधाची एक आडवाटेची गोष्ट सांगायलाच हवी. पार्किन्सन असलेली एक बाई फ्लू टाळायला म्हणून ते घेत होती. तिच्या लक्षात आलं की गोळ्या चालू असताना हातापायांचा ताठरपणा आणि कंप कमी होतो, बंद केल्या की परत येतो. डॉक्टरांनी तिचं म्हणणं मनावर घेतलं, इतर रुग्णांना औषध देऊन पाहिलं आणि १९६९ मध्ये निष्कर्ष छापले. आज अमँटाडिन टिकून आहे ते या दुसऱ्या कामावर. पहिल्या कामातून त्याला विषाणूनेच काढलं: एम२ प्रथिनाच्या माळेत ३१व्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल बदलून अस्पॅरजिन आलं की बूच बसत नाही. विषाणूला त्यासाठी काही किंमतही मोजावी लागली नाही, त्यामुळे हा बदल औषध न वापरणाऱ्या भागांतही पसरला. २००५-०६ च्या मोसमात अमेरिकेत सापडलेल्या एच३एन२ विषाणूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रतिरोधक निघाले आणि जानेवारी २००६ मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने हे औषध फ्लूसाठी वापरू नका असं सांगितलं.

दुसऱ्या पिढीची औषधं कापणाऱ्या खुंटावर, न्यूरामिनिडेजवर बेतली आहेत. पेशीबाहेर पडणारे नवे विषाणू त्याच सायलिक आम्लाला चिकटून अडकतात. ही नाळ कापायचं काम न्यूरामिनिडेजचं. कात्री बोथट केली तर विषाणू तयार होतात, पण पेशीच्या अंगावरच गुच्छ करून बसतात.

ही औषधं बशीत रसायनं ओतून सापडलेली नाहीत. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात पीटर कोलमन, जोस वर्गीस आणि ग्रॅम लेव्हर यांनी न्यूरामिनिडेजची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. त्यात कात्रीच्या पात्यांमधली खाच दिसली. विषाणूचे वाण बदलले तरी ही खाच जवळजवळ तशीच राहते, कारण ती बदलली तर कात्रीच चालत नाही. सायलिक आम्लासारखा दिसणारा एक रेणू या खाचेत बसतो हे आधीपासून माहीत होतं, पण त्याची पकड ढिली होती. मार्क फॉन इट्झस्टाइन आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की खाचेच्या एका कोपऱ्यात ऋणभाराची गर्दी आहे. मग त्यांनी रेणूच्या चौथ्या कार्बनवर धनभाराचा एक गट बसवला. पकड कितीतरी पटींनी वाढली. १९९३ मध्ये हे काम छापून आलं आणि १९९९ मध्ये झानामिव्हिर औषध म्हणून बाजारात आलं. पण इतका भारित रेणू आतड्यातून शोषला जात नाही, म्हणून ते भुकटीच्या रूपात तोंडाने ओढून घ्यावं लागतं.

लोकांना गोळी हवी असते. ती दिली ओसेल्टामिव्हिरने, म्हणजे टॅमीफ्लूने, त्याच वर्षी. गिलियड कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी ते घडवलं आणि रोशने विकलं. त्याचा कच्चा माल शिकिमिक आम्ल, बराच काळ चक्रीफुलातून काढलेलं. चक्रीफुलात तयार औषध असतं असा समज यातूनच पसरला. शिकिमिक आम्लाचं ओसेल्टामिव्हिर व्हायला कारखान्यात रासायनिक क्रियांची लांबलचक रांग लागते, आणि ते आम्ल नुसतं खाऊन न्यूरामिनिडेजचं काही बिघडत नाही.

इथे बशीचा खेळ उलटा फिरतो. गोळीतला ओसेल्टामिव्हिर रेणू थेट न्यूरामिनिडेजवर टाकला तर तो जवळपास निरुपयोगी. आतड्यातून शोषलं जावं म्हणून त्याच्यावर एक शेपूट मुद्दाम लावलेलं असतं. यकृतातलं एन्झाइम ते शेपूट तोडतं, तेव्हा खरं औषध तयार होतं. केवळ बशीवर विसंबून कुणी चाळणी लावली असती, तर हा रेणू पहिल्याच फेरीत बाद झाला असता.

मग औषधाने किती फरक पडतो? कोक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात कंपन्यांकडून मोठ्या झगड्यानंतर मिळवलेले चाचण्यांचे सविस्तर अहवाल तपासले गेले. प्रौढांमध्ये लक्षणं कमी व्हायला ७ दिवसांऐवजी ६.३ दिवस लागले, म्हणजे जेमतेम १७ तासांची बचत. रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही, मळमळ आणि उलट्या मात्र वाढल्या. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या एका विश्लेषणात फ्लूची लागण चाचणीने पक्की झालेल्यांपुरतं पाहिलं, तेव्हा फायदा सुमारे २५ तासांचा दिसला. दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. पहिल्यात फ्लूसारखी लक्षणं असलेले, पण फ्लू नसलेले लोकही होते आणि त्यांना हे औषध काय करणार?

खाचेत इतकं चपखल बसणारं औषध असूनही फायदा एवढाच का, याचं उत्तर घड्याळात आहे. शरीरातली विषाणूची संख्या लागणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच शिखर गाठते आणि मग स्वतःच्या प्रतिकारशक्तीने उतरायला लागते. अंगदुखी, ताप, गळून जाणं, यांतलं बरंचसं विषाणूच्या थेट इजेपेक्षा आपल्याच प्रतिकारयंत्रणेच्या धावपळीतून येतं. म्हणजे माणूस ‘आज बरं वाटत नाही’ म्हणतो तेव्हा विषाणूचं निम्मंअधिक काम उरकलेलं असतं. म्हणून ४८ तासांच्या आत औषध सुरू करा असं सांगतात. बशीत विषाणू आणि औषध एकाच क्षणी आमनेसामने येतात. अंगात औषध नेहमी उशिरा पोचतं.

उंदरांच्या प्रयोगात हीच फट बेमालूम झाकली जाते. ‘संयुग दिलेले सगळे उंदीर वाचले’ असं वाचलं की पहिला डोस कधी दिला ते शोधावं. लागणीच्या आदल्या दिवशी दिला असेल तर ती उपचाराची चाचणी नव्हे. शिवाय प्रयोगशाळेतला उंदीर फ्लूचा नैसर्गिक रुग्ण नाहीच. माणसातला विषाणू त्याला सहसा आजारी पाडत नाही, म्हणून १९३४ साली प्युर्तो रिकोत मिळालेला आणि पुढे प्राण्यांमध्ये वारंवार वाढवून उंदराला सरावलेला वाण वापरतात. भर म्हणजे प्रयोगशाळांतल्या बहुतेक उंदरांमध्ये एमएक्स१ हे फ्लूविरोधी जनुकच मोडकं असतं. १९६०च्या दशकात यान लिंडेनमान यांना उंदरांचा एक वाण फ्लूला दाद देत नाही असं आढळलं, त्यातून हे जनुक पुढे आलं. उंदीर आजारी पडला की शिंकतही नाही, नुसतं त्याचं वजन उतरतं. म्हणून रोज सकाळी तराजूवर ठेवून तेच मोजायचं. फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी मात्र माणसासारखाच शिंकतो, तापतो. १९३३ मध्ये लंडनमध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला गेला तोही फेरेटमध्येच. पण फेरेट महाग, चावरे आणि सांभाळायला कटकटीचे, त्यामुळे नव्या संयुगांपैकी फारच थोडी त्यांच्यापर्यंत पोचतात.

ओसेल्टामिव्हिरलाही विषाणूने चकवलं आणि ते कसं, हे रेणूंच्या पातळीवर फार सुंदर दिसतं. ओसेल्टामिव्हिरला एक स्निग्धप्रिय बाहू आहे, सायलिक आम्लाला नसलेला. तो बसावा म्हणून न्यूरामिनिडेजच्या खाचेत एका अमिनो आम्लाला मान वळवून जागा करावी लागते. शेजारच्या हिस्टिडीनच्या जागी आडदांड टायरोसिन आलं की मान वळत नाही आणि औषध बाहेरच राहतं. मूळ सायलिक आम्लाला ती जागा लागतच नाही, त्यामुळे कात्री चालू राहते. झानामिव्हिर सायलिक आम्लाच्या आकाराशी अधिक इमानी आहे, तेही चालू राहतं. २००७-०८ च्या हिवाळ्यात हा बदल असलेले एच१एन१ विषाणू नॉर्वेत मोठ्या प्रमाणात दिसले आणि वर्षभरात नेहमीच्या मोसमी एच१एन१ मधले जवळजवळ सगळे तसे झाले. मग २००९ ची जागतिक साथ आली, तिच्या नव्या एच१एन१ ने जुन्याला हुसकून लावलं आणि या नव्यावर ओसेल्टामिव्हिर चालत होतं. याला नशीबच म्हणायचं.

तिसरी पिढी केंद्रकातल्या चोरीवर नेम धरते. पेशीच्या प्रत्येक संदेशवाहक आरएनएच्या टोकाला एक ‘टोपी’ असते. ती असल्याशिवाय प्रथिनं बनवणारी यंत्रणा संदेश वाचत नाही. फ्लूच्या विषाणूला स्वतःची टोपी शिवता येत नाही, म्हणून तो पेशीच्या आरएनएची टोपी, खाली दहा-तेरा अक्षरांची पट्टी ठेवून, कापून घेतो आणि आपल्या संदेशाला जोडतो. कापणारं प्रथिन पीए. त्याच्या खाचेत धातूचे दोन आयन असतात आणि बालोक्साव्हिर हे औषध तेच आयन मुठीत धरतं. जपानच्या शिओनोगी कंपनीचं हे औषध २०१८ मध्ये जपान आणि अमेरिकेत मान्य झालं. ते दूध किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांसोबत घेऊ नका अशी सूचना पाकिटावर असते, कारण धातू धरायची त्याची खोड पोटातही जात नाही. तिथे कॅल्शियम भेटलं तर ते त्यालाच धरून बसतं.

बालोक्साव्हिर शरीरात इतकं रेंगाळतं की एकच डोस पुरतो. मोठ्या चाचणीत लक्षणं जायला ५३.७ तास लागले, नुसत्या औषधहीन गोळीवर ८०.२ तास. ओसेल्टामिव्हिरवरही जवळपास तितकेच, ५३.८. गंमत अशी की बालोक्साव्हिरने नाकातला विषाणू एका दिवसातच ओसेल्टामिव्हिरपेक्षा कितीतरी जास्त घटवला होता. विषाणू लवकर गेला म्हणून माणसाला काही लवकर बरं वाटलं नाही. ते घेतलेल्यांपैकी ९.७ टक्के जणांमध्ये पीए प्रथिनात प्रतिरोध देणारा बदलही दिसला.

रुग्णालयात दाखल असलेल्यांचं चित्र आणखी अवघड. पिमोडिव्हिर हे टोपी धरणाऱ्या पीबी२ प्रथिनावरचं संयुग आधीच्या चाचण्यांत विषाणू घटवत होतं. पण भरती रुग्णांमध्ये नेहमीच्या उपचारांपेक्षा फायदा दिसत नाही म्हणून २०२० मध्ये कंपनीने ते सोडून दिलं. बालोक्साव्हिरची जोड दिल्यानेही गंभीर रुग्ण लक्षणीयरीत्या लवकर सुधारले नाहीत. एव्हाना फुप्फुसात जे चाललेलं असतं त्यात विषाणूचा वाटा कमी आणि दाहाचा जास्त.

मग नाकातला विषाणू इतक्या झपाट्याने घटवून हाती काय लागतं? २०२५ मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत हा प्रश्न वेगळ्या माणसांना विचारला गेला. घरातल्या आजारी माणसाला लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांत बालोक्साव्हिरचा एक डोस दिला आणि मोजलं त्याच्यासोबत राहणाऱ्यांना. पाच दिवसांत औषधाच्या गटात ९.५ टक्के घरच्यांना त्याच्याकडून लागण झाली, औषधहीन गोळीच्या गटात १३.४ टक्के. गोळी ज्यांनी घेतलीच नव्हती, परिणाम त्यांच्या नाकात मोजला गेला.